मशीनचं नाव काय?

परवा ऑफिसात एक नवीन मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, आपल्या टेस्टच्या लॉगमध्ये सुरुवातीला या दहा ओळी कशाला येतात? मशीनचं नाव, मेमरी, टाइमझोन... कुणी वाचत तर नाही. काढून टाकू का? लॉग सुटसुटीत होईल."

मी "नको" म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असणार, कारण शेजारच्या दोघांनी मान वर करून पाहिलं. ती बिचारी "ओके सर" म्हणून निघून गेली. मग मलाच कसंसं झालं. तिचा प्रश्न काही चुकीचा नव्हता, आणि माझ्या "नको"मागे जे होतं ते तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. ते इथे लिहावं असं तेव्हापासून डोक्यात आहे.

आता आमच्या मावशी-काका मंडळींसाठी आधी थोडंसं. (या धंद्यातल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) सॉफ्टवेअरमध्ये रोज काही ना काही बदल होत असतात. एका ठिकाणी डागडुजी केली की दुसरीकडे गळायला लागतं, अगदी घरासारखंच. म्हणून आम्ही छोटे छोटे तपासणी करणारे प्रोग्रॅम लिहून ठेवतो. ते रोज रात्री आपोआप चालतात. एक म्हणतो, बिल करून बघ, बेरीज बरोबर येते का. दुसरा म्हणतो, चुकीचा पासवर्ड टाकून बघ, आत सोडतोय का. या टेस्ट. आणि रात्री काय काय झालं याची जी नोंद फाइलमध्ये उतरते, तो लॉग. सकाळी चहाचा कप घेऊन आम्ही तो बघतो. सगळं हिरवं असेल तर दिवस चांगला. लाल दिसलं की शोधाशोध.

तर गोष्ट २०११ सालची. मी तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीत सहा जणांच्या टीमचा लीड होतो. रात्रीच्या टेस्टसाठी आमच्याकडे सहा मशीन होती, आणि पुण्यात असतं तसं, त्यांना किल्ल्यांची नावं होती. राजगड, तोरणा, सिंहगड, लोहगड, विसापूर आणि तिकोना. आमचीच एक जुनी स्क्रिप्ट होती, ती रात्री साडेबाराला उठायची, जे मशीन मोकळं असेल त्यावर पुढची टेस्ट टाकायची, आणि सगळ्यांचे निकाल गोळा करून एकच फाइल बनवायची. फाइलमध्ये टेस्टचं नाव, वेळ (तीही गोळा करणाऱ्या सर्व्हरची), पास की फेल, आणि फेल असेल तर एक ओळ कारण. टेस्ट कुठल्या मशीनवर चालली, हे त्यात नव्हतं. कुणी मुद्दाम वगळलं होतं असं नाही. सुरुवातीला एकच मशीन होतं, तेव्हा गरज नव्हती. मग दोन झाली, मग सहा. स्क्रिप्ट तीच राहिली.

टीममध्ये एक मुलगा नुकताच आला होता. सोलापूरचा, पहिलीच नोकरी. नवीन मुलं पहिले सहा महिने "सर" म्हणतात आणि मग नावावर येतात. हा शेवटपर्यंत "सर"च म्हणत राहिला. त्याला मी बिलांच्या भागाच्या टेस्ट लिहायला दिल्या होत्या. त्यातली एक टेस्ट साधी होती. एक बिल करायचं, मग "आजची बिलं" ही यादी उघडायची, आणि आपलं बिल त्यात आहे का बघायचं.

ही टेस्ट आठवड्यातून एखाद्या रात्री फेल व्हायची. कारण म्हणून लॉगमध्ये इतकंच: अपेक्षित १, मिळाले ०. सकाळी तो ती पुन्हा चालवायचा, की पास. दहा वेळा चालवा, दहाही वेळा पास. अशा टेस्टला आमच्यात "फ्लेकी" म्हणतात, म्हणजे लहरी. आणि लहरी टेस्टबद्दल सगळ्यांचं एक ठरलेलं मत असतं, ते म्हणजे ती लिहिणाऱ्याला नीट लिहिता येत नाही.

मीही त्याला तेच सांगितलं. म्हटलं, बिल डेटाबेसात पोचायच्या आत तू यादी उघडतोयस, मध्ये थोडं थांब. त्याने दोन सेकंद थांबवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फेल. पाच सेकंद. पुन्हा फेल. दहा सेकंद. तो म्हणायचा, "सर, माझ्या मशीनवर चालतंय." आणि आम्ही सगळे हसायचो, कारण "माझ्या मशीनवर चालतंय" हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना विनोद आहे. काम न करणाऱ्या प्रोग्रॅमरची ठरलेली सबब. तोही हसायचा. सुरुवातीला.

दरम्यान सहामाही अप्रेझल आलं. मी त्याच्या फॉर्मवर लिहिलं की कामात बारकाई कमी पडते, टेस्ट भरवशाच्या नाहीत. फार विचार करून लिहिलं नव्हतं. पाच फॉर्म भरायचे होते आणि संध्याकाळी सहापर्यंत द्यायचे होते.

पावसाळ्यात एका रात्री वीज आली-गेली आणि तिकोन्याचा एसएमपीएस उडाला. मशीन दुरुस्तीला गेलं. बारा दिवस ते नव्हतं, आणि त्या बारा दिवसांत ती टेस्ट एकदाही फेल झाली नाही. आमच्या हे लक्षातही आलं नाही! आम्ही समजलो, दहा सेकंदांचा उपाय लागू पडला. तिकोना परत आला, आणि दुसऱ्याच रात्री टेस्ट लाल. चहाच्या टपरीवर आमचा सिस्टिम ॲडमिन सहज बोलून गेला, "तुमचा तिकोना आला बरं का परवा." माझ्या हातातला कप तसाच राहिला.

वर जाऊन स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली. प्रत्येक निकालापुढे मशीनचं नाव छाप. बस. त्यानंतरच्या चारही फेल तिकोन्याच्या निघाल्या.

तिकोन्यावर लॉगिन केलं, तारीख-वेळ विचारली, आणि उत्तर समोर आलं. बाकी पाच मशीनची घड्याळं यूटीसी म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर होती. तिकोना मधे कुणीतरी डेमोसाठी नेला होता, परत देताना नव्याने इन्स्टॉल केला होता, आणि टाइमझोन आशिया/कोलकाता ठेवला होता. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे आज असतो आणि ग्रीनिचला अजून काल असतो. आमचा प्रोग्रॅम बिलावर तारीख घालताना मशीनची स्थानिक वेळ बघत होता आणि "आजची बिलं" शोधताना यूटीसी. यूटीसीवरच्या मशीनवर दोन्ही एकच, म्हणून पास. त्या मुलाच्या मशीनवर आपली वेळ, पण तो टेस्ट दिवसा चालवायचा, तेव्हा दोन्हीकडे तारीख एकच, म्हणून पास. तिकोन्यावर रात्री साडेबाराला मात्र बिल आजचं आणि यादी कालची.

म्हणजे टेस्ट बरोबर होती. चूक प्रोग्रॅममध्ये होती, आणि खरीखुरी होती. ग्राहकाकडे तसंच गेलं असतं तर रात्रभर उघड्या असणाऱ्या औषधाच्या दुकानात मध्यरात्रीनंतरचं बिल पहाटे साडेपाचपर्यंत यादीत दिसलंच नसतं. एक एप्रिलला तर पहिले साडेपाच तास "आजची बिलं" म्हणून मागच्या आर्थिक वर्षातली बिलं दिसली असती! अडीच-तीन महिने ती टेस्ट आठवड्यातून एकदा हेच ओरडून सांगत होती आणि आम्ही तिला "थोडं थांब" म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "सर, मी म्हणत होतो ना, माझ्या मशीनवर चालतंय." या वेळी कुणी हसलं नाही. अप्रेझलचा फॉर्म बदलता येईल का विचारलं, तर तो सिस्टिममध्ये बंद झाला होता, पुढच्या फेरीत बघू म्हणाले. पुढच्या फेरीच्या आत त्याने नोकरी सोडली.

नंतर कधीतरी तो फॉर्म मी पुन्हा उघडून पाहिला. त्यात त्या मुलाचं पूर्ण नाव होतं, कर्मचारी क्रमांक होता, विभाग, रुजू झाल्याची तारीख, सगळं होतं. माणसाचा तपशील संपूर्ण, आणि ज्या मशीनमुळे हे घडलं त्याचा कुठेच पत्ता नाही. मला वाटतं माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. मशीनची नोंद नसली की दोष आपोआप माणसाच्या खात्यावर जमा होतो, आणि बहुतेक वेळा सगळ्यात नव्या माणसाच्या.

हे फक्त कॉम्प्युटरचं नाही. आमची आई दिवाळीत अनारसे करायची. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून दळायचे, गुळात मळून पीठ ठेवायचं, मग खसखशीवर थापून तुपात सोडायचे. यात कुठेही काही बिनसलं की अनारसा "हसतो", म्हणजे कढईतच विरून पसरतो. आमच्याकडे एक समज होता की धाकट्या काकूच्या हाताला अनारसे लागत नाहीत. आईची मात्र एक वही होती. तांदूळ नवा की जुना, गूळ कुठल्या दुकानाचा, पीठ किती दिवस ठेवलं, हसले की नाही, असं दर वर्षी दोन ओळी. आणि चांगले झाले त्या वर्षीसुद्धा लिहायची. चार-पाच वर्षांनी तिनेच वही उघडून आजीला दाखवलं की हसले ती सगळी वर्षं एकाच दुकानाच्या गुळाची आहेत, आणि त्यातल्या दोन वर्षी काकू माहेरी होती. त्या दिवसापासून काकू सुटली. (काकू, वाचत असशील तर यंदा डबा पाठव :))

त्या वहीतली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आई चांगल्या वर्षांचीही नोंद ठेवायची, म्हणून तुलना करता आली. आम्ही मशीनची नावं छापायला लागलो तेव्हा आधी फक्त फेल झालेल्यांपुढे छापणार होतो. पण "चारही फेल तिकोन्यावर" याला अर्थ येतो तो तिकोन्यावर पास किती आणि इतर मशीनवर पास किती हे कळल्यावरच. त्यामुळे तपशील पास झालेल्या टेस्टचाही हवा.

आणि हे शहाणपण काही नवीन नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क २ नावाचा खोलीभर मोठा कॉम्प्युटर होता. ९ सप्टेंबर १९४७ ला त्याच्या एका रिलेत दिव्यावर येणारा पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने वहीत चिकटवलेला आहे आणि ती वही आज स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. ग्रेस हॉपरबाई ही गोष्ट सांगत असत, त्यामुळे ती जगभर झाली. "बग" हा शब्द इंजिनियर त्याच्या आधीपासून वापरत होते, पण सगळे त्या पतंगाबद्दलच बोलतात. मला कौतुक वाटतं ते शेजारच्या नोंदीचं. वेळ १५:४५, रिले क्रमांक ७०, पॅनेल एफ. नुसतं "मशीन बिघडलं, दुरुस्त केलं" असं नाही. कुठे आणि कधी, नेमकं.

दुसरं उदाहरण १९९४ चं. थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. तीच आकडेमोड ते अनेक कॉम्प्युटरांवर चालवत आणि उत्तरं ताडून बघत. नव्या पेंटियम मशीनवरच्या उत्तरात फरक येतोय असं त्यांना दिसलं. प्रोग्रॅम चुकलाय का, मदरबोर्डचा दोष आहे का, अशा एकेक शक्यता त्यांनी काही महिने खर्चून बाद केल्या, आणि शेवटी दोष चिपच्या भागाकार करणाऱ्या भागातच आहे असं निघालं. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च मांडावा लागला. कुठलं उत्तर कुठल्या प्रोसेसरचं हे नाइसलींना ठाऊक नसतं तर? दोन वेगळी उत्तरं हातात असती आणि त्यांनी कपाळाला हात लावला असता.

आता आक्षेप. त्या मुलीनं पुढे विचारलं असतं तर तिनेही हेच विचारलं असतं.

"चांगली टेस्ट मशीनवर अवलंबून असायलाच नको." कबूल. पण ती अवलंबून नाही हे कळणार कसं? अवलंबून असल्याचा पुरावा त्याच ओळींत असतो.

"आता सगळं कंटेनरमध्ये चालतं, सगळीकडे सारखंच." बरंचसं सारखं असतं, हे खरं. पण कंटेनर खालच्या मशीनचाच कर्नल वापरतो. प्रोसेसर खालच्याच मशीनचा, मेमरी आणि डिस्कही त्याचीच. चार कोअरवर न दिसणारी गडबड बत्तीस कोअरवर दिसते. उलट आता क्लाउडवरचं मशीन दहा मिनिटं जगतं आणि पुसलं जातं. तिकोन्यावर मी निदान जाऊन लॉगिन तरी करू शकलो. आज लॉगमध्ये नसेल तर विचारायला कुणी शिल्लकच नसतं.

"लॉग फुगतो." हजारो ओळींच्या फाइलमध्ये दहा ओळी! आणि "कुणी वाचत नाही" हेही खरं आहे. आईची वहीसुद्धा वर्षातून एकदाच उघडायची.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. काही जण हौसेने मशीनवरचे सगळे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल लॉगमध्ये ओततात. त्यात पासवर्ड असतात, किल्ल्या असतात, आणि लॉग मेलमधून कुठे कुठे फिरतो. तेव्हा सगळं ओतू नका, निवडून घ्या. माझी यादी अशी आहे: मशीनचं नाव, ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिची आवृत्ती, प्रोसेसर आणि कोअर किती, मेमरी किती, टाइमझोन, भाषेची सेटिंग (तुर्की सेटिंगमध्ये मोठ्या आयचा छोटा आय करायला सांगितलं तर बिनटिंबाचा येतो, यावर खूप प्रोग्रॅम आपटलेत), भाषेच्या आणि लायब्ररींच्या आवृत्त्या, कोडची नेमकी आवृत्ती, आणि टेस्टमध्ये यादृच्छिक आकडे असतील तर त्यांचं बीज. हे हाताने लिहायचं नाही, प्रोग्रॅमनेच लिहायचं. पायथॉनवाल्यांचं पायटेस्ट यातलं थोडं सुरुवातीला आपणहून छापतं. जेयुनिट पद्धतीच्या अहवालात तर होस्टनेमसाठी जागाच ठेवलेली आहे. आपण फक्त ती भरायची. आणि टेस्ट अनेक मशीनवर वाटल्या जात असतील तर फाइलच्या डोक्यावर एकदा लिहून भागत नाही, प्रत्येक निकालापाशी मशीनचं नाव हवं.

काल त्या मुलीला बोलावून मी तिकोन्याची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि विचारलं, "मग डिस्कवर जागा किती शिल्लक आहे, हे का नाही छापत आपण?" मला उत्तर नव्हतं. आज सकाळच्या लॉगमध्ये अकरावी ओळ आहे.

राहता राहिला तो सोलापूरचा मुलगा. तो आता कुठे आहे, काय करतो, मला माहीत नाही. त्याच्या फॉर्मवरचं माझं वाक्य अजूनही कुठल्या तरी सर्व्हरवर तसंच असेल. ते मला पुसता आलं नाही, म्हणून दुरुस्ती इथे लिहून ठेवतो. वर्ष २०११, वेळ रात्री साडेबारा, मशीन तिकोना, टाइमझोन आशिया/कोलकाता. टेस्ट बरोबर होती. लिहिणारा बारकाईने काम करणारा होता. चूक लीडची.